प्रयासाने दिसले

सत्काराच्या समारंभात सत्कारमूर्तीने मानपत्राची फ्रेम मागून उघडली, मजकुरातला एक आकडा पेनाने खोडला, वर नवा आकडा लिहिला, शेजारी छोटी सही आणि तारीख घातली आणि फ्रेम पुन्हा बंद करून अध्यक्षांच्या हातात परत दिली, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. सभागृह भरलेलं होतं, कोजागिरीचं मसाला दूध निवत होतं, आणि मानपत्र मी लिहिलेलं होतं. येत्या कोजागिरीला त्या प्रकाराला वर्ष होईल. अजूनही मानपत्र लिहायला बसलो की माझा हात अडखळतो. त्याआधी बावीस वर्षांत एकदाही अडखळला नव्हता.

परमुलखातल्या मराठी मंडळाला तबलजी नसला तरी चालतं, मानपत्र लिहिणारा लागतोच. मी सरकारी अनुवादक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. 'ज्ञानतपस्वी', 'कर्मयोगी', 'दिल्लीच्या मराठी मनाचा मानबिंदू' हे शब्द मी इतक्या जणांना वाटलेत की दिल्लीत आता साधा मराठी माणूस उरला असेल असं वाटत नाही. अशा माणसाच्या डोक्यावर विमलताई खोब्रागडे राहत होत्या. म्हणजे आमच्या द्वारकेच्या सोसायटीत मी चौथ्या मजल्यावर आणि त्या सहाव्या. त्यांच्यावर फक्त गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि विमानं.

मूळच्या त्या भंडाऱ्याकडच्या. नोकरी दिल्लीत, नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कार्यालयात. पद 'ड्राफ्ट्समन'. बाई त्या पदावर बसेल असं पद निर्माण करणाऱ्याच्या मनात आलं नसावं, आणि नंतर ते बदलायची फाइल कोणी हलवली नाही. तेहतीस वर्षं त्यांनी नद्या, नाले, पायवाटा आणि जिल्ह्यांच्या हद्दी काढल्या. त्या खात्यातला एक नियम त्या घरीही पाळायच्या: "मोजलं ते रेघ. ऐकलं ते टिंबटिंब." नदी कुठून वाहते ते सर्वेक्षकाने मोजलं असेल तर सलग रेघ, गावकऱ्यांनी हात करून दाखवलं असेल तर तुटक. सोसायटीत कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा कॅनडाला चालला, अशा बातम्या घेऊन माझी बायको वर गेली की विमलताई विचारायच्या, "रेघ की टिंबटिंब?" बायको ओशाळून म्हणायची, "टिंबटिंब." मग त्या चहा टाकायच्या आणि आवडीने ऐकायच्या. टिंबटिंबाला त्यांचा विरोध नव्हता. त्यावर शाई फिरवायला होता.

दुर्बीण त्यांच्या यजमानांनी बनवलेली. खोब्रागडे साहेब रेल्वेत सिग्नलच्या कामात होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना त्यांनी चार महिने एका काचेवर दुसरी काच घासून आठ इंची आरसा तयार केला, तो जाड प्लास्टिकच्या नळात बसवला आणि नळ प्लायवूडच्या फिरत्या पाटावर ठेवला. त्याला घरात 'पिंप' म्हणत. या पिंपातून विमलताई चंद्र पाहत नसत, शनी पाहत नसत. "ते काय, सगळ्यांना दिसतात." त्यांना पाहायच्या असत त्या दीर्घिका, तारकागुच्छ, तेजोमेघ. लाखो प्रकाशवर्षांवरची फुंकर. अडीचशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने अशा अंधुक ठिपक्यांची यादी केली होती. तो धूमकेतू शोधायचा, आणि हे ठिपके पाहून आपण फसू नये म्हणून त्याने ते लिहून ठेवले. आज त्या यादीत एकशे दहा ठिपके आहेत. जगभरचे हौशी लोक फसू नये म्हणून केलेली ती यादी जन्मभर भक्तिभावाने पुरी करत असतात, यातला विनोद मला तेव्हाच कळायला हवा होता.

ही यादी दिल्लीतून पुरी करायची म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून डासाचा आवाज ऐकायचा. एका बाजूला विमानतळाचे दिवे, दुसरीकडे मॉलचे, आणि दिवाळीपासून पुढे असा धूर की चंद्रही खोकत उगवल्यासारखा वाटतो. पावसाळा सरल्यापासून दिवाळीपर्यंतचे तीनचार आठवडे आणि मार्चमध्ये पाऊस येऊन गेल्यावरचे मोजके दिवस, एवढाच त्यांचा हंगाम. त्या दिवसांत त्या संध्याकाळपासून उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधत. डोळ्याला अंधाराची सवय व्हावी म्हणून. ती पट्टी लावूनच दुधाच्या बूथवर जात, भाजी घेत, लिफ्टमध्ये भेटत. भाजीवाला दरवर्षी विचारायचा, "माताजी, फिर से ऑपरेशन?" त्या म्हणायच्या, "नहीं भैया, तैयारी." तो अदबीने दोन मिरच्या जास्त घालायचा.

गच्चीवर त्यांचा एक शिरस्ता होता. पाहुण्याला आधी काही सांगायचं नाही. पिंपाला डोळा लावायला द्यायचा आणि विचारायचं, "काय दिसलं?" आमच्या मंडळाचे अध्यक्ष नाडकर्णी एकदा आले. मोठ्या कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, आवाज जन्मतः उद्घाटनाचा. त्यांनी डोळा लावला आणि दीर्घ श्वास घेतला. "अद्भुत! विराट! माणूस किती क्षुद्र आहे, नाही का हो, साठे?"

"कुठल्या बाजूला दिसलं, साहेब?" विमलताईंनी विचारलं.

"संपूर्ण! सगळीकडे!"

"झाकण काढते," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा इतका हसलो की मला टाकीला धरून उभं राहावं लागलं. विमलताई हसल्या नाहीत. "त्यांना खरंच दिसलं असेल," त्या म्हणाल्या. मला तो टोमणा वाटला होता.

अंधुक गोष्ट पाहायची युक्ती त्यांनी मला शिकवली होती. सरळ पाहिलं की ती नाहीशी होते. जरा बाजूला पाहायचं, आणि मग ती डोळ्याच्या कडेला उमटते, श्वास घेतला की जाते, पुन्हा येते. मला ती कधीच उमटली नाही. पण विमलताई लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात वहीवर वर्तुळ आखून त्यात पेन्सिलीने असं काही काढायच्या की तोंडात बोट जावं. खाली दोन शेऱ्यांपैकी एक: 'स्पष्ट दिसले' किंवा 'प्रयासाने दिसले'. तेवीस वर्षांत एकशे दहा पानं भरली. शेवटचं पान भरलं तेव्हा खोब्रागडे साहेबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आधीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर कोपऱ्यात साहेबांचीही नोंद असायची: 'मलाही दिसले. – खो.' शेवटची तशी नोंद एकशे चार नंबरवर होती, हस्त नक्षत्राच्या वर दिसणारी एक दीर्घिका, कडेने पाहिलेल्या टोपीसारखी. त्यानंतरची पानं कोपऱ्यात कोरी.

नाडकर्णींनी जाहीर केलं, कोजागिरीला विमलताईंचा सत्कार. "दिल्लीच्या आकाशातून एकशे दहा! एकट्या मराठी बाईने!" प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त सहसचिव, आणि त्यांना गच्चीवरून दीर्घिका दाखवायच्या. पौर्णिमेला दीर्घिका दिसत नाहीत हे मी सांगितल्यावर नाडकर्णी म्हणाले, "मग चंद्र दाखवू, त्यात काय." मी मानपत्र लिहून दिलं. त्यात 'एकशे दहा' हा आकडा अंकांत आणि अक्षरांत असा दोन्ही प्रकारे होता, चेकवर असतो तसा.

सर्वपित्री अमावास्येच्या आठवड्यात मी मसुदा दाखवायला वर गेलो. हवा स्वच्छ होती, त्या गच्चीवर होत्या, चौऱ्याहत्तर नंबर लावलेला होता. मीन राशीतला, सगळ्या यादीतला बहुधा सर्वांत अवघड. मी डोळा लावला. राखाडी अंधार.

"डावीकडे बघा. हळूच. हात आहे एक, असा वळलेला."

"ताई," मी म्हणालो, "हे पिंप तुम्ही टाकीकडे वळवलंत तरी तुम्हाला तिथे हात दिसेल."

विनोद होता तो. पण विमलताईंचं एक वैगुण्य म्हणजे त्यांना विनोद आधी ऐकू यायचा आणि मग त्या तो तपासायला घ्यायच्या. त्यांनी पुन्हा एकदा पिंपाला डोळा लावला. मग म्हणाल्या, "बघू या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं तयार ठेवलं होतं. पाटाच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर रेघा आखलेल्या. त्यांनी चौऱ्याहत्तर नंबर नेमका लावायचा, मग पाठ फिरवून पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं राहायचं. मी नाणं उडवायचं. छापा आला तर पिंप तसंच ठेवायचं, काटा आला तर तीन रेघा सरकवायचं, म्हणजे ते रिकाम्या आकाशाकडे लागेल. पिंपाची चाहूल लागू नये म्हणून त्यांनी कानात बोटं घालून एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणायचा. ओळखीच्या ताऱ्यांवरून जागा कळू नये म्हणून भिंगही मुद्दाम आकाशाचा अगदी थोडा तुकडा दाखवणारं लावलेलं. मग त्यांनी दीड मिनिट पाहायचं आणि 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं. 'आहे' असेल तर चित्र काढायचं. अशा वीस फेऱ्या, चार दिवसांत. वीस होईपर्यंत निकाल सांगायचा नाही.

"आणि हे घ्या." त्यांनी माझ्या हातात ऑफिसातली जुनी वही आणि बॉलपेन दिलं. पानाखाली कार्बन पेपर. रोजची खालची प्रत त्या पाकिटात घालून, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करून, पत्र्याच्या पेटीत ठेवणार होत्या.

"कार्बन कशाला, ताई? माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर. विश्वासाची माणसंच आकडे बदलतात, साठे. दुश्मनाला काय पडलंय?"

सत्तर वर्षांची बाई टाकीपुढे शिक्षा झालेल्या विद्यार्थिनीसारखी उभी, कानात बोटं, "एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर," डोक्यावरून गर्जत उतरणारं विमान, आणि मी अंधारात नाण्याला टॉर्च दाखवतोय. गुडगावहून कोणी बघत असेल तर आमच्या सोसायटीबद्दल त्याचं काय मत झालं असेल कोण जाणे. पहिल्या दोन दिवसांत मला मजा वाटत होती. तिसऱ्या दिवशी मी वही बघायचं टाळू लागलो. चौथ्या दिवशी घरी येऊन मोजलं आणि मला पाणी प्यावं लागलं.

विमलताईंनी तेरा वेळा 'आहे' म्हटलं होतं. त्यातल्या सात वेळा तिथे काहीही नव्हतं. आणि त्या सातांपैकी एका चित्रात डावीकडे वळलेला हातही होता.

रात्रभर मी झोपलो नाही. सकाळी वही समोर घेऊन बसलो. चारपाच ठिकाणी 'काटा'चं 'छापा' केलं असतं तर काम झालं असतं. अक्षर माझंच होतं. मी खरंच पेन उचललं. मग त्या पेटीतल्या चार पाकिटांची आठवण झाली, आणि त्या बाईने मला किती आधीपासून ओळखलं होतं ते कळून कान तापले.

मी वर गेलो. त्यांनी पोहे केले होते. मी आकडे सांगितले. त्यांनी पेटी उघडली, पाकिटं फोडली आणि एकेक फेरी बोट ठेवून स्वतः मोजली. दोनदा.

"ताई, दिल्लीचं आकाशच खराब आहे हो," मी म्हणालो.

"आकाश खराब होतं तर मी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं."

पोह्यांना कोणी हात लावला नाही. थोड्या वेळाने त्यांनी ती मोठी वही काढली, चाळली आणि कोपऱ्यातल्या 'मलाही दिसले'वर बोट ठेवलं.

"यांना काही दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. मला वाईट वाटू नये म्हणून लिहायचे. ते खोटं बोलतात हे मला माहीत होतं." त्यांनी बोट उचललं. "मी बोलते हे माहीत नव्हतं."

मी वही मिटायला हात पुढे केला, त्यांनी ती पुन्हा आपल्याकडे ओढली.

'प्रयासाने दिसले' असा शेरा असलेली पानं त्यांनी मोजली. एकतीस. ज्या डोळ्याने चौऱ्याहत्तर पाहिला त्याच डोळ्याने ती पाहिलेली, म्हणून एकतीसही रद्द. मी वाद घातला. सगळी थोडीच खोटी असतील? शंकेचा फायदा द्यायला नको का? "तो आरोपीला देतात," त्या म्हणाल्या, "साक्षीदाराला नाही." उरले एकोणऐंशी. त्यांनी माझ्यादेखत नाडकर्णींना फोन लावला आणि आकडा बदलायला सांगितलं. पलीकडचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. "ताई, छापून झालंय! फ्रेमही झालीय! गोल्डन बॉर्डर आहे!"

मग त्या धम्मचक्र दिनाला नेहमीसारख्या नागपूरला गेल्या आणि कोजागिरीच्या सकाळी परत आल्या. मला वाटलं, गाडीत विचार बदलला असेल. माणूस बदलतो असं मी ऐकून आहे.

सत्कार यथासांग झाला. शाल, श्रीफळ, सहसचिवांचं विश्वाच्या पसाऱ्यावर भाषण. मी मानपत्र वाचलं, 'एकशे दहा'ला टाळ्या घेतल्या. विमलताईंनी फ्रेम हातात घेतली आणि माइकसमोर उभ्या राहिल्या.

"साठ्यांनी चांगलं लिहिलंय. एक आकडा चुकलाय. चूक त्यांची नाही, माझी आहे." आणि त्यांनी नाणं, टाकी, तेरा आणि सात, सगळं दोन मिनिटांत सांगितलं. हवामानाचा अंदाज सांगावा तसं. मग वर लिहिलेला प्रकार, अंकांत आणि अक्षरांत दोन्हीकडे: फ्रेम, पेन, सही, तारीख.

कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "अरे यार, कौन चेक करने वाला था?"

"मी," विमलताई म्हणाल्या.

नाडकर्णींनी माइक ओढला. "विनय! मित्रहो, याला म्हणतात विनय!"

"विनय नाही, साहेब. मोजणी आहे."

लोक सुन्न झाले होते, आणि सुन्न माणसं लवकर घरी जातात. कॅटररचं अर्धं दूध परत गेलं. नंतर महिनाभर सोसायटीत दोन मतं होती: एक, बाईंना वयामुळे भ्रम होऊ लागलाय, दोन, त्यांनी मंडळाचा मुद्दाम अपमान केलाय. आकाश पाहणाऱ्या त्यांच्या दोस्तांच्या ग्रुपवर तर शांतता पसरली. तिथे अनेकांच्या याद्या पुऱ्या होत्या. विमलताईंनी कोणाच्या यादीवर बोट ठेवलं नव्हतं, पण घरात एकाने आरसा आणून ठेवला की बाकीच्यांना केस विंचरावे लागतात. हळूहळू त्यांना निरोप येईनासे झाले. गाडी करून राजस्थानच्या बाजूला अंधारात जायचे बेत त्यांना नंतर फोटोंतून कळायचे. त्यांना ते लागलं. त्या हिवाळ्यात पिंपावर चादर होती. मी दोनदा विचारलं. "धूर आहे," म्हणाल्या.

मार्चमध्ये दोन दिवस पाऊस पडला, आकाश धुतलं गेलं आणि लिफ्टमध्ये विमलताई भेटल्या. डोळ्यावर पट्टी.

"साठे, नाणं आहे ना?"

एकशे चारपासून सुरुवात करायची होती. साहेबांच्या शेवटच्या नोंदीची दीर्घिका, रद्द झालेल्या एकतीसांतली. नव्या वहीत त्यांनी वर्तुळ आखून त्यात तो लांबट आकार आधीच काढला होता, टिंबटिंबांनी. वीस फेऱ्यांत पुरेसं बरोबर आलं तर त्यावर रेघ फिरवायची. बाकी सगळं तसंच: टाकी, पाढा, कार्बन, पाकीट. फक्त या वेळी त्या घाई करत नव्हत्या. दीड मिनिट पुरं घ्यायच्या. कित्येकदा स्वच्छ 'नाही' म्हणायच्या, आणि तो 'नाही' म्हणताना त्यांच्या आवाजात मला पूर्वी कधी न ऐकलेला आराम असायचा.

पहिल्या दिवशी पाच. पाचही बरोबर. दुसऱ्या दिवशी पाच, पाचही बरोबर. तिसऱ्या दिवशीही. मी खाली येऊन बायकोला सांगायचो आणि ती माझ्या तोंडावर हात ठेवायची, आवाज वर जाईल म्हणून. चौथ्या दिवशी एक फेरी झाली आणि पश्चिमेकडून ढग आले. ती सोळावी. काटा होता, पिंप रिकाम्या आकाशाकडे होतं, आणि त्या म्हणाल्या, "नाही." सोळापैकी सोळा.

मी निकाल सांगितला नाही. नियम नियम होता. जिन्यावर मी टॉर्च धरली होती, त्या एक पायरी पुढे होत्या. अचानक वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साठे, पुढच्या अमावास्येला तुम्हीपण तोंड फिरवून उभे राहत जा."

"का?"

"तुमचा चेहरा सगळं सांगतो."

मी हसलो. हा मात्र विनोद असेल अशी माझी समजूत होती.

पुढची अमावास्या आली, पण विमलताई त्याआधी पाच दिवस गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. आदल्या दिवशी माझ्याशी लिफ्टच्या मेंटेनन्सवरून भांडल्या होत्या, त्यामुळे मला ते कितीतरी दिवस खरंच वाटलं नाही. वीस व्हायच्या आधी एखादा माणूस कसा जाऊ शकतो, असा काहीतरी मूर्ख विचार मी स्मशानात करत होतो. सोळापैकी सोळा बरोबर आहेत हे मी त्यांना मध्येच सांगितलं नसतंच. पण मग वीस झाल्यावर सांगितलं असतं ना.

त्यांची मुलगी प्रज्ञा गुडगावला असते. महिन्याभराने घर आवरायला आली तेव्हा तिने मला वर बोलावलं. पत्र्याची पेटी उघडी होती. वर नवी वही, खाली चार पाकिटं, सह्या शाबूत.

"काका, ये सब क्या है, मला कळलंच नाही. आई फोनवर फक्त म्हणायची की साठ्यांबरोबर एक्झाम चालू आहे. आईला ते दिसलं होतं का, जे काय होतं ते?"

"दिसलं होतं," मी म्हणालो. "सोळापैकी सोळा वेळा बरोबर सांगितलं त्यांनी. एकही चूक नाही."

तिने ती वही माझ्यापुढे उघडी केली, टिंबटिंबांच्या आकारावर. "मग हे पक्कं तुम्हीच करा ना, काका. पेन देऊ?"

मी पेन घेतलं. एवढ्यात तिने पाकिटं एकत्र बांधायला उचलली आणि चौथ्या पाकिटाची मागची बाजू मला दिसली. ड्राफ्ट्समनच्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरात तीन ओळी होत्या:

'सोळा फेऱ्या. डोळा लावण्यापूर्वी साठे यांच्या चेहऱ्यावरून उत्तर कळण्याची शक्यता. सर्व रद्द. पुन्हा घेणे.'

खाली सही आणि तारीख. जिन्यावर बोललो त्याच रात्रीची.

मी ते दोनदा वाचलं. माझ्या चेहऱ्याने त्या बाईच्या सोळा फेऱ्या खाल्ल्या होत्या. की नव्हत्या? त्या माझ्याकडे बघायच्या का, हे मी आठवून पाहिलं. अंधार होता, लाल उजेड होता, नाणं माझ्या हातात होतं. मला शपथेवर सांगता येईना.

"काय झालं, काका?" प्रज्ञाने विचारलं.

"चार राहिल्यात," मी म्हणालो, आणि मग माझं मलाच दुरुस्त केलं. "नाही. वीस राहिल्यात." पेनाला टोपण लावून ते मी तिला परत दिलं. वही तिने नेली. तो आकार अजून टिंबटिंबांतच आहे.

मला विमलताई दिसतात त्या सोळाव्या फेरीतल्या. पाण्याच्या टाकीपुढे, माझ्याकडे पाठ, कानात बोटं, एका डोळ्यावर पट्टी. पिंप सरकवून माझं झालेलं आहे, ढग यायला लागलेत, मी म्हणतोय, "झालं, ताई." त्यांना ऐकू येत नाही. त्या म्हणतायत, "एकोणीस साते तेहतीसाशे, एकोणीस आठे बावन्नाशे," आणि मी त्यांच्या खांद्याला हात लावायच्या आधी क्षणभर थांबलोय. त्या क्षणी माझा चेहरा कसा होता, ते फक्त टाकीला माहीत.